चौदा मिनिटे आणि सहा तास

१ ऑक्टोबर २०२३ रोजी रेल्वेमंत्र्यांनी दिल्ली कॅन्टोन्मेंट स्थानकावर एका योजनेचा आरंभ केला. वंदे भारत गाडी शेवटच्या स्थानकावर पोहोचली की चौदा मिनिटांत आतून स्वच्छ करून परतीच्या प्रवासाला सज्ज करायची, अशी ती योजना. तिला नाव दिले गेले ‘चौदा मिनिटांचा चमत्कार’. आपल्या नागपूर स्थानकाचाही त्यात समावेश होता. सरावात आधी सुमारे अठ्ठावीस मिनिटे लागली, मग अठरा, आणि अखेर चौदा. हे सर्व कामगारांची संख्या न वाढवता, केवळ कार्यक्षमता वाढवून साधले, असेही अभिमानाने सांगण्यात आले.

या गोष्टीला आता दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा आम्ही लिहिले असते तर रागाने लिहिले गेले असते. आज शांतपणे लिहिता येईल, आणि लिहिणे आवश्यकही आहे. कारण चौदा मिनिटांचे ते घड्याळ वंदे भारतच्या फलाटावरून उतरून हळूहळू आपल्या पिट लाइनवर, सॉर्टिंगच्या टेबलावर आणि पोस्टमनच्या थैलीत येऊन बसले आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की वेगाशी आमचे भांडण नाही. गाडी वेळेवर सुटली पाहिजे, हे रेल्वे कामगाराला कोणी शिकवायला नको. पाच मिनिटांचा उशीर पुढच्या जंक्शनवर पन्नास मिनिटांचा कसा होतो, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. सफाईचे काम नीट आखले, साहित्य हाताशी ठेवले, प्रत्येकाला आपला डबा आणि आपली पाळी ठाऊक असली, तर काम निश्चितच लवकर होते. आमच्या सफाई कामगारांनी चौदा मिनिटांत गाडी चकचकीत करून दाखवली, हे त्यांच्या कसबाचे यश आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. चौदा मिनिटांत काय होते आणि काय होत नाही, हे कोणी सांगणार आहे का?

ही कल्पना जपानवरून आली, हे सरकारनेच सांगितले आहे. तोक्यो स्थानकावर शिंकान्सेन गाडी बारा मिनिटे थांबते. दोन मिनिटे प्रवासी उतरायला, तीन मिनिटे चढायला, मधली सात मिनिटे सफाईला. त्या सात मिनिटांत कचरा उचलतात, आसने फिरवून गाडीच्या दिशेला तोंड करतात, समोरचे छोटे टेबल पुसतात, जमीन झाडतात, शौचालय साफ करतात. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. परंतु हीच गाडी दर दोन दिवसांनी डेपोत तपासणीला जाते, आणि ठरावीक दिवसांनी वा ठरावीक अंतरानंतर त्याहून मोठी तपासणी होते, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. सात मिनिटांची सफाई ही वरची सफाई आहे. खालची सफाई डेपोत शांतपणे झालेली असते, म्हणूनच वरची सात मिनिटांत होते. पाया भरलेल्या घराला रंग द्यायला वेळ लागत नाही, तशी ही गोष्ट आहे.

आणखी एक बाब. त्या जपानी सफाई कंपनीत २००५ साली तेरुओ याबे नावाचे अधिकारी आले. त्यांनी कामगारांच्या मागे केवळ घड्याळ लावले नाही. कामगारांच्या सूचना ऐकणे, चांगल्या कामाची नोंद घेणे, सफाई करणारा माणूसही प्रवाशाच्या सेवेतला मानाचा घटक आहे हे त्याला जाणवू देणे, याकडे त्यांनी लक्ष दिले. आपण जपानकडून मिनिटे घेतली. डेपो आणि सन्मान तिकडेच राहिला, अशी आमची तक्रार आहे.

आता आपल्याकडचे पाहू. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाडीच्या प्राथमिक देखभालीसाठी पिट लाइनवर साधारणतः सहा तास धरलेले असतात. हे सहा तास कुणी उदार होऊन दिलेले नाहीत. रेक पिटवर घेऊन दोन्ही टोकांना संरक्षणाची पाटी लावायची, मगच माणूस गाडीखाली जाणार. फिटर आणि खलाशी ब्रेक, कपलिंग, स्प्रिंगा, चाके तपासणार. विजेचे लोक पंखे, दिवे, वातानुकूलन पाहणार. पाणी भरले जाणार. आणि त्याच वेळी सफाईचे लोक बाहेरून व आतून डबा धुणार. एकाच गाडीवर चार खात्यांची माणसे एकमेकांना सांभाळून काम करतात. यातला एक तास कमी केला की तो कुणाच्या तरी वाट्यातून जातो. आणि तो बहुधा सफाईच्या वाट्यातून जातो. ब्रेक राहिला तर गाडी सुटत नाही, घाण राहिली तरी ती सुटते.

सफाई हे बिनडोक काम आहे अशी समजूत असणाऱ्यांनी एकदा पिटवर यावे. कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी कोरडी धूळ आणि कचरा, मग पाणी. आधी छत, पंखे, सामानाच्या फळ्या, मग खिडक्या, मग बर्थ, शेवटी जमीन. क्रम उलटा केला तर वरची धूळ खालच्या ओल्या जमिनीवर पडते आणि चिखल होतो. शौचालयाचे फडके डब्यात आणायचे नाही. शौचालयात रसायन टाकले की ते काही मिनिटे मुरू द्यायचे, मग घासायचे. लगेच पाणी ओतले तर रसायनही गेले आणि डागही राहिला. रसायन कोणते तेही महत्त्वाचे. आता आपल्या प्रवासी डब्यांना जैव-शौचालये आहेत. त्यांच्या टाकीतले जिवाणू मैला पचवतात. घाईघाईत जहाल आम्ल ओतले की भांडे पांढरे दिसते आणि खालचे जिवाणू मरतात. दोन दिवसांनी टाकी तुंबते आणि शिव्या पुन्हा सफाईवाल्यालाच. पाण्याचेही तेच. जुन्या पद्धतीच्या लोखंडी डब्यांना गंज सर्वात आधी कुठे धरतो? शौचालयाच्या आणि दाराच्या खालच्या भागात, जिथे पाणी मुरून राहते. म्हणजे डबा धुणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो नीट कोरडा करणेही महत्त्वाचे. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते हातातून हातात येते, आणि त्याला वेळ लागतो.

शहरोशहरी हल्ली मोटारी चकचकीत करून देणारी दुकाने निघाली आहेत. तिथले कारागीर आमच्याच पोरांपैकी आहेत. त्यांचाही पहिला धडा हाच असतो की आधी पाण्याने धूळ-माती काढा, मग फडके लावा. घाई करून धुळीवरच फडके फिरवले तर रंगावर बारीक ओरखडे उठतात. वरून मेण चोळले की ते झाकले जातात आणि मालक खूश होऊन घरी जातो. चार पावसांत मेण उतरले की ओरखडे दिसू लागतात. खाजगी मोटारीच्या मालकाला हा फरक पैसे मोजून कळतो. रोज हजारो माणसे ज्यातून प्रवास करतात त्या डब्याच्या मालकाला, म्हणजे सरकारला, तो कळू नये याचे नवल वाटते.

यंत्राने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. अनेक डेपोंत आता स्वयंचलित धुलाई यंत्रे बसली आहेत. चोवीस डब्यांची गाडी सात-आठ मिनिटांत बाहेरून धुऊन निघते. हिशेब साधा आहे. चोवीस डब्यांची गाडी सुमारे पावणेसहाशे मीटर लांब, आणि ती ताशी पाच किलोमीटर वेगाने यंत्रातून सरकते. पाण्याचीही बचत होते, कारण वापरलेले बरेचसे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. उन्हातान्हात लांब दांड्याचा ब्रश घेऊन डबे घासणाऱ्या माणसाचा खांदा वाचला, याचा आम्हाला आनंद आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. परंतु यंत्र बाहेरची भिंत धुते, बर्थखालचे खरकटे काढत नाही. बाहेर वाचलेले हात आत लावले तर सफाई खरोखर सुधारेल. बाहेर वाचलेले हात कामावरूनच कमी केले, तर गाडी बाहेरून चमकेल आणि आतून कुजेल. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी दुसरीच गोष्ट घडते आहे.

आमच्या अनुभवातली एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. त्यात आमचाही दोष आहे, म्हणून डेपोचे नाव घेत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. उत्तरेकडून येणारा रेक चार तास उशिरा आला आणि त्याच रात्री त्याला परत जायचे होते. सहा तासांचे पावणेदोन तास झाले. कंट्रोलचे फोन दर दहा मिनिटांनी येत होते. शेवटच्या चार डब्यांच्या शौचालयांत रसायन टाकून झाले होते, घासायचे बाकी होते, तोच इंजिन लागले. नोंदवहीत मात्र सर्व रकान्यांत ‘झाले’ अशी खूण पडली. सही झाली. गाडी वेळेवर सुटली आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

तिसऱ्या दिवशी प्रवाशांच्या तक्रारी आल्या. ठेकेदाराला दंड झाला. ठेकेदाराने तो त्या डब्यांवर असलेल्या दोन बायकांच्या पगारातून कापून घेतला. त्यांतली एक आमच्या कचेरीत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “भाऊ, औषध टाकलं आणि ब्रश हातात घेतला, तर गाडी हलली. मी काय गाडी धरून ठेवणार होते? पण वहीत तर झालं म्हणून लिहिलंय. मग खोटं कोण बोललं, मी की वही?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्या वहीवरची सही आमच्याच सभासदाची होती. त्याने ती दडपणाखाली केली हे खरे. परंतु त्या सहीने प्रशासनाचा उशीर पुसला गेला आणि ती चूक एका ठेका कामगार बाईच्या नावावर चढली, हेही तितकेच खरे आहे. त्या दिवसापासून आमचे मत पक्के झाले की वेग आणि गुणवत्ता यांचे भांडण डब्यात होत नाही, ते नोंदवहीत होते. जेवढे काम झाले तेवढेच वहीत लिहिले असते, तर वेळ कमी पडला हे वरपर्यंत कळले असते. न झालेले काम ‘झाले’ म्हणून लिहिले की पुढच्या खेपेला पावणेदोन तासच पुरेसे ठरतात. मागच्या वेळी झाले होते ना?

जुन्या सहकाऱ्यांना ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन आठवत असेल. १९७४ च्या ऐतिहासिक संपाच्या आधीच्या वर्षांत ते हत्यार रेल्वेत फार परिणामकारक ठरले होते. कामगार काही बंद पाडत नव्हता. तो फक्त प्रशासनानेच छापलेल्या नियमपुस्तकाप्रमाणे काम करत होता, आणि तेवढ्याने गाड्या रखडत होत्या. नियम पाळणे हे आंदोलन ठरते, यातच सगळे आले. याचा अर्थ एरवी गाड्या वेळेवर धावतात त्या नियम मोडून, आणि नियम मोडण्याची जोखीम मात्र सर्वात खालच्या माणसाच्या डोक्यावर असते.

टपाल खात्यातील बांधवांना हे वेगळे सांगायला नको. आर.एम.एस.च्या खणांपुढे उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ठाऊक आहे की घाईत चुकीच्या थैलीत पडलेले पत्र भलत्याच गावी जाते आणि तिथून परत फिरते. त्यापेक्षा ते पुढच्या गाडीला थांबले असते तर लवकर पोहोचले असते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. जी सेवा ‘खात्रीने’ म्हणून ओळखली जात होती ती आता ‘वेगाने’ या नावाखाली आली आहे. खात्री आणि वेग दोन्ही देता येतील, पण त्यासाठी बीटवर माणसे पाहिजेत. एका पोस्टमनला दोन बीट दिले आणि संध्याकाळपर्यंत यंत्रात नोंद पुरी करायला सांगितले, तर ‘दार बंद’ असा शेरा मारण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. दार उघडे असते आणि म्हातारी मनीऑर्डरची वाट पाहत बसलेली असते. पिट लाइनवरचे ‘झाले’ आणि बीटवरचे ‘दार बंद’ ही एकाच कारखान्यात तयार झालेली दोन खोटी वाक्ये आहेत.

याचा परिणाम प्रवासी भोगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांतील स्वच्छतेविषयी महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. त्यात म्हटल्याप्रमाणे २०२२-२३ या एका वर्षात शौचालयात वा बेसिनला पाणी नसल्याच्या एक लाखाहून अधिक तक्रारी आल्या होत्या. पाणी नाही तर सफाई कसली? सफाईवाल्याच्या हातात ब्रश देऊन नळ कोरडा ठेवायचा आणि मग मिनिटे मोजायची, याला कार्यक्षमता म्हणत नाहीत.

या सर्वांच्या मुळाशी ठेकेदारी आहे. डब्यांची सफाई, चालत्या गाडीतली सफाई, वाटेतल्या स्थानकावर गाडी थांबली असताना होणारी सफाई, ही कामे बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९७० चा ठेका कामगार कायदा व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. पूर्वी वीस कामगार असले की ठेक्याला कायदा लागू होत असे, आता ती मर्यादा पन्नासवर गेली. संस्थेच्या मुख्य कामात ठेका कामगार लावू नये असे नवी संहिता म्हणते, आणि लगेच अपवादांच्या यादीत झाडलोट व सफाईला पहिले स्थान देते. म्हणजे माणसांनी भरलेला डबा चालवणे हे रेल्वेचे मुख्य काम, पण तो माणसांनी बसण्याजोगा ठेवणे हे मुख्य काम नाही. हा विचार आम्हाला मान्य नाही, आणि त्याविरुद्धचा लढा चालूच राहील.

लढा चालू असताना हातात जे आहे ते सोडू नये, हेही सांगितले पाहिजे. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मुख्य मालक म्हणून रेल्वेची जबाबदारी आहे, ही तरतूद नव्या संहितेतही आहे. वेतन संहितेप्रमाणे कामगाराला मनमानी दंड करता येत नाही. त्याला कारण सांगण्याची संधी द्यावी लागते आणि एका वेतनकाळात दंड वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ठेकेदाराला झालेला दंड कामगाराच्या पगारातून वसूल करणे हा तर सरळसरळ अन्याय आहे. आमच्या शाखांनी ही गोष्ट प्रत्येक पिट लाइनवर मराठीत, हिंदीत आणि तिथल्या भाषेत लिहून लावावी. हुबळी, सिकंदराबाद, इटारसी, बडोदा येथे काम करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी तिथल्या शाखांना यात मदत करावी.

आता आपल्याकडे पाहू. सफाई कामगार ठेक्यावर गेला तेव्हा आपण कायम कामगार पुरेसे बोललो का? नाही. ‘तो आपला सभासद नाही’ असे म्हणून आपण बाजूला झालो. त्याच्या घाईचे खापर त्याच्या डोक्यावर फुटू दिले. दुसरे असे की वेळ मिळूनही जे काम टाळतात त्यांची पाठराखण संघटनेने करता कामा नये. सहा तास मागायचे असतील तर सहा तासांचे काम दाखवता आले पाहिजे. चांगले काम ही आपली मागणी मांडण्याची पहिली ताकद आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. गाडी उशिरा आली तर तो उशीर पिट लाइनच्या वेळेतून वसूल करू नये. वेळ कमी करावाच लागला, तर कोणते काम राहिले याची नोंद लेखी व्हावी आणि वेळ कमी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्यावर असावी.

२. कोणत्याही सफाईची मिनिटे ठरवताना डब्यामागे किती माणसे, किती पाणी आणि कोणते साहित्य हेही त्याच कागदावर ठरावे.

३. यंत्रामुळे मोकळे झालेले हात आतल्या सफाईला लावावेत, कमी करू नयेत.

४. सफाई कामगारांना हातमोजे, गमबूट आणि रसायनांचे प्रशिक्षण त्यांना समजणाऱ्या भाषेत मिळावे.

५. डब्यांची सफाई हे रेल्वेचे मुख्य काम मानून टप्प्याटप्प्याने कायम कामगारांकडे द्यावे.

यांपैकी पहिली मागणी मान्य व्हायची वाट पाहण्याची गरज नाही. तिचा अर्धा भाग आपल्याच हातात आहे. बंधू-भगिनींनो, उद्यापासून वहीत खरे लिहा. झाले असेल तर ‘झाले’ आणि राहिले असेल तर ‘वेळ न मिळाल्याने राहिले’ असे लिहा. खरे लिहिणाऱ्या सभासदावर कारवाई झाली तर संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील, हा शब्द आम्ही देतो. त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी आता प्रत्येक सही करणाऱ्या हातावर आहे.